गोविंदसिंगाचं वावर

आमच्या रिठद गावाले माह्या बाबाचं, इंद्रभानचं, एक वावर हाय. गोविंदसिंगाकडून घेतलं तवा मी पाळण्यात होती. गोविंदसिंग वावर इकून अकोल्याले गेला, पुन्हा फिरकला नाई. बाबानं गोटे वेचले, हीर खोदली, बांध घातले. पन गावाच्या तोंडी काय? गोविंदसिंगाचं वावर! मजूर बाया तेच म्हनत, लाइनमन तेच म्हने, बाबाचा सख्खा भाऊ जगदेवकाकाही तेच. बाबाचा जीव नुसता जळे. "जिंदगी गेली माही त्या मातीत. एकडाव तरी गावानं इंद्रभानचं वावर म्हनावं," एवढंच त्याले पायजे होतं.

मी नागपूरले विमानाच्या दुरुस्तीत हाव. मांगच्या दिवाळीले जेवता जेवता बाबानं इचारलं, "वर्षा, इकलेल्या इमानाचं नाव त बदलत असन?"

मले खोटं बोलता येत नाई. बोईंग कंपनीचं सांगितलं. विमान पयल्यांदा ज्या एअरलाइननं घेतलं, तिचा दोन अक्षरांचा कोड कंपनी मॉडेलच्या नंबरातच घाले. मंग ते विमान पुढं चार जागी इकलं जावो, रंग बदलो, कोड पयल्या गिऱ्हाइकाचाच राह्यते.

"अन् मांगून घेनाऱ्यानं काय झक मारली?"

"नव्या विमानायले आता देत नाई तो कोड."

"अन् जुन्यायचं?"

"जुन्यायचा तसाच."

बाबा ताटावरून उठला. मलेही राग आला, कंपनीचा अन् गावाचाही. एवढं काय अवघड हाय लेकहो, एक नाव बदलनं?

यंदा पोळा झाला अन् बाबा गेला. आमच्याकडे मानसाले त्याच्या सोताच्या वावरात अग्नी देतात. मी नागपूरहून पोचली, त मंदिराच्या भोंग्यावर जगदेवकाका सांगून राह्यला होता, "इंद्रभानभाऊची माती दुपारून, गोविंदसिंगाच्या वावरात."

माह्या डोक्यात तिडीक गेली. मी जाऊन माइक हिसकला. "काका, निदान आज त बाबाचं नाव घ्या."

काकाचे डोळे रडून सुजले होते. "घेतो न पोरी. पन केनवडचे, मंगरूळपीरचे पाव्हने फाट्यावर उतरतीन. इंद्रभानचं वावर कुठं हाय म्हनून इचारतीन, त सांगन कोन? कोनालेच मालूम नाई. मातीले मानसं त पोचली पायजेत."

माइक माह्याच हातात होता, अन् फाट्यावर बस येऊन थांबली होती. मंग मीच सांगितलं, "माह्या बाबाची माती दुपारून हाय. गोविंदसिंगाच्या वावरात या."