माळेखालच्या खुणा

कार्तिगै हा तमिळ महिना लागला की आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष काळी वेष्टी, म्हणजे लुंगी, नेसतात. शबरीमलाला जायचं म्हणून अय्यप्पाची माळ गळ्यात पडली की त्या माणसाचं नाव संपतं, तो 'सामी' होतो. बायको सामी म्हणते, बापही सामी म्हणतो, मोठी माणसं वाकून पायाला हात लावतात. सामी दाढी करत नाही, एकवेळ जेवतो, दारू-विडीला शिवत नाही. हे व्रत नीट पाळणारे मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं आहे ते माझ्या धाकट्या भावाबद्दल आणि आमच्या घराबद्दल.

भाऊ व्हॅन चालवतो. त्या वर्षी गल्लीची यात्रा त्याच्याच व्हॅननं जायची होती. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेले अप्पा पहिल्यांदाच निघणार होते, पुढच्या सीटवर, मुलाच्या शेजारी. केरळातला घाट मुलगा चढवणार आणि बाप बघणार, हे आई भाजीवालीलाही सांगायची.

माळ पडल्यावर थोड्याच दिवसांत भावाचे गाल आत गेले. आई म्हणाली, उपासाचं तेज आहे. तो झोपेनासा झाला, तर मनात भजन चालतं म्हणे. मिक्सर खोलून स्क्रू ताटात मांडायचा, जोडायचा, पुन्हा खोलायचा. सामीला रिकामं बसवत नाही, असं त्यावर उत्तर. मग एकदा मेल्यासारखा निजला तो दुसऱ्या दिवशी उठला. बोलायला लागला की थांबायचा नाही. शेजारणी समोर बसून लेकींच्या लग्नाचं विचारत, तो तोंडाला येईल ते बडबडे आणि त्या डोळे पुसत. ओठ कोरडे पडलेले, सारखी जीभ फिरवायची, मधेच दात करकरायचे. हातावर खाजवून खाजवून जखमा केलेल्या. आई त्यांच्यावर विभूती लावायची. घामाला औषधासारखा उग्र वास, चंदन थापूनही जायचा नाही. त्या हातांना लोक नमस्कार करत. मला किळस यायची. खरं सांगायचं तर त्याच्याइतकीच त्या नमस्कारांची.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. हे मी मान वर करून सांगते, कमावलेलं आहे. पापनाशमच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे एक डॉक्टरबाई शिक्षकांशी बोलून गेल्या होत्या. जागं ठेवणाऱ्या नशेची एकेक खूण सुटी बघाल तर प्रत्येकीला कारण सापडेल, त्या म्हणाल्या, सगळ्या शेजारी शेजारी मांडून बघा. मी परतीच्या बसमध्ये मांडल्या. व्रतानं माणूस वाळतो, कबूल. झोप उडते, तेही कबूल. पण जबडा कशानं चालतो? आणि हा घरातसुद्धा काळा चष्मा का लावतो?

यात्रेच्या आधीच्या रविवारी तो दारात व्हॅन धूत होता.

"चष्मा काढ," मी म्हटलं.

"सामीशी असं बोलतात?" आई ओट्यावरून म्हणाली.

"अक्काला दर्शन हवंय," तो हसला आणि त्यानं चष्मा काढला. ऊन सरळ तोंडावर, आणि बाहुल्या पसरून डोळाभर काळ्या झालेल्या. काय घेतोस, मी विचारलं. देवाचं नाव घेतो, म्हणाला. मग एकदम भडकला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्याच्यावर नजर ठेवतो, त्याला मीच नेमलंय, असं काहीबाही ओरडू लागला. आईनं मला आत ओढलं. "चार बुकं शिकलीस म्हणून सामीची परीक्षा घेतेस?" मी म्हटलं, याच्या शेजारी तू अप्पांना बसवणार आहेस. ती म्हणाली, डोक्यावरून अंघोळ कर आणि माफी माग.

माळ घालायची आणि उतरवायची ती गुरुसामींनी. आमच्या गल्लीचे गुरुसामी रेशन दुकानातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी त्यांच्याकडे गेले आणि भावाची माळ उतरवा म्हटलं. मधेच माळ उतरवली तर अख्ख्या गल्लीला बाधेल, असं ते बराच वेळ समजावत होते.

"मामा, त्या व्हॅनमध्ये तुमचा नातूही बसणार आहे," मी म्हटलं.

ते उठले. खांद्यावर पंचा टाकून माझ्याबरोबर आले.

आल्याबरोबर त्यांनी भावाला हात पुढे करायला लावले आणि ओल्या पंच्यानं विभूती पुसली. खालून पू आला. मामांनी तोंड फिरवलं. आई उंबऱ्यातच बसली.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"लांबच्या फेऱ्यांना जागायला म्हणून गोळी घ्यायचो," भाऊ म्हणाला. आता पावडर होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माळ घातल्यावर कोणी विचारत नाही, मामा."

हे त्यानं आमच्या तोंडावर सांगितलं आणि ते खरं होतं. त्याच्या त्या पावडरीला आम्ही सगळ्यांनी मिळून देव्हारा बांधून दिला होता. मामांनी मंत्र म्हणून माळ काढली, पंच्यात गुंडाळली. अप्पांनी खिळ्यावरची व्हॅनची किल्ली काढून कमरेला खोवली. यात्रा दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर गेली, अप्पा गेले नाहीत. आजही गल्लीतल्या दोन घरी मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. नका बोलावू.

माळ उतरली त्याच दुपारी मी आणि आई त्याला ऑटोतून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. बदलायला वेळ नव्हता, वेष्टी काळीच होती, दाढी तशीच. फाटकाशी फुलवाली टोपली खाली ठेवून उठली आणि तिनं हात जोडले. "सामी शरणम्."

भावाचे हात आपोआप जोडले गेले. चेहऱ्यावर तेच मायाळू हसू.

आईनं ते हात दोन्ही मुठींत धरून खाली दाबले, आणि डॉक्टरांची खोली येईपर्यंत सोडले नाहीत.