मी सही केली नाही

"बाही वर कर."

एप्रिलचं ऊन. लॅबमधला पंखा गरम हवा फेकून राहिला होता, अन् मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून उभी. लॅबमध्ये बाही कोपरापर्यंत पाहिजे, हा नियम मले माहीत होता. मी हललीच नाही. मग प्रॅक्टिकलच्या मॅडमनं स्वतःच बाही खेचली. हातावरच्या खुणा बॅचमधल्या सगळ्यांनी पाहिल्या.

"फ्रीशिपवर शिकायचं, वरून हे नाटक."

मागं कोणीतरी हसलं. मी बाही खाली ओढली.

नाटक कसलं बापा! पहिल्या वर्षापासून फीमाफीची यादी वाचून आम्हा फ्रीशिपवाल्यांले वर्गात उभं करत. विषय राहिला की ऐकवत, एक सीट वाया गेली. ऐकता ऐकता मलेच पटलं का खराबी माझ्यातच आहे. घरी काय सांगू? बाबाचा उमरेडचा हातमाग बंद पडला, आता इथं शहरात, सदर भागात एका दुकानावर चौकीदारी करतात. पोरगी कॉलेजात आहे म्हणताना तेवढा त्यांचा चेहरा खुलतो. राग बाहेर काढता येत नव्हता, म्हणून स्वतःवर काढला. त्यानं काहीच मोकळं झालं नाही. कोणी पाहिलं तर, हे भेव मात्र चोवीस तास मागं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबाले बोलावलं. मॅडमनं टाइप केलेलं हमीपत्र पुढं सरकवलं. त्यात लिहिलं होतं, मी घरगुती कारणानं स्वतःले इजा केली, पुढं काही झालं तर कॉलेज जबाबदार नाही. खाली माझी अन् पालकाची सही. सही नसेल तर परीक्षेले बसता येणार नाही, असंही सांगितलं.

बाबानं न वाचताच पेन उचललं. वर्ष गेलं तर? बाबा माझ्याशी बोललेच नाही तर? पण त्याहून मोठं भेव समोर कागदावर होतं. मी उद्या मेली तर काय म्हणायचं, हे या लोकांनी आजच लिहून ठेवलं होतं.

मी त्यांचा हात धरला. "बाबा, सही करू नका. घरातल्या कोणीच काही नाही केलं."

माझी बाही वर सरकली होती. बाबा माझ्या मनगटाकडं पाहून राहिले होते.

"कधीपासून वं?"

"पहिल्या वर्षापासून."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं अन् तोंड फिरवलं. आजपर्यंत त्यावर एक शब्द बोलले नाही.

मी कागद उलटा केला. मागं लिहिलं, वर्गात यादी वाचतात, काल बाही खेचली, मले डॉक्टर पाहिजे. कॉलेजच्या आवक खिडकीवर तो दिला, झेरॉक्सवर पोचचा शिक्का मारून घेतला अन् तसंच मेडिकलले, सरकारी दवाखान्यात जाऊन मानसोपचाराची चिठ्ठी काढली.

परीक्षेचं अजून काही कळलं नाही. फोन वाजला की आजही कॉलेजचाच असंल असं वाटते. पण सोमवारी मी अर्ध्या बाहीचा कुर्ता घालून जाणार आहे. यादी वाचली, माझं नाव घेतलं, दहा वेळा घेतलं, तरी मी उठणार नाही. बसूनच राहीन.