समोरच्या काळ्या काचा

समोरच्या इमारतीतल्या सरिताताईंनी खिडक्यांना काळी फिल्म लावून घेतली. ऊन आत येत नाही, एसीशिवाय नुसत्या पंख्यावर भागतं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. इतकी वर्षं याच उन्हात काढली, मग आत्ताच कसं उकडायला लागलं? पूर्वी त्या खिडकीशी भाजी निवडत बसायच्या, माझ्याकडे बघून हसायच्या. आता त्या काचांत आमचीच इमारत दिसे. माझं काही चुकलं, की त्यांना आता कुणाची नजरच नको झाली? घर गार ठेवायच्या नावाखाली माणूस काय काय बाहेर ठेवत असेल, या विचाराने माझी दुपार जाई.

काल त्या फाटकाशी भेटल्या. मी कोरडेपणानं विचारलं, "झालं का घर गार?"

"झालं की." मग त्यांनी आवाज खाली आणला. "परवा दुपारी तुम्ही खिडकीत उभ्या राहून रडत होतात. यावं की नको, कळेना मला."

"त्या काचेतून दिसतं?"

"आतून सगळं दिसतं हो," असं म्हणून, स्वतःच्या घराकडे न वळता, त्या माझ्याबरोबर आमचा जिना चढू लागल्या.