डावी कूस

अख्तरी सिस्टरच्या तोंडाला पुंडलिकनगरातले डॉक्टरसुद्धा बिचकून असायचे. बाळंतपणाच्या दवाखान्यात तिची हयात गेली. रिटायर झाल्यावर घरी बसायचं सोडून तिनं गरोदर बायांच्या योगाचा कोर्स केला अन् त्याच दवाखान्याच्या वरच्या हॉलात वर्ग सुरू केला. मोहल्ल्यातल्या बाया हसल्या. "अब इस उमर में योगा?" म्हणाल्या. अख्तरीनं उलट विचारलं, तुमची पोरं कुणाच्या हातात जन्मली? जीभ तिखट होती खरी, पण पोटुशी बाई जिन्यात दमली की हीच खाली उतरून तिचा हात धरायची.

वर्गात अवघड काही नव्हतं. भिंतीचा आधार घेऊन उभं राहायचं, मांडी घालून गुडघे हलवायचे, लांब श्वास घ्यायचा. शेवटी गुडघ्यांत उशी घेऊन डाव्या कुशीवर निजायचं. आशा मात्र उजव्या कुशीवर निजायची. रोज सांगावं अन् रोज हिचं तोंड दुसरीकडं.

एक दिवस अख्तरीचं डोकं फिरलं. "कान फुटले का गं तुझे? बीपी वाढत चाललंय, पाय सुजलेत. डॉक्टरनीबी डावी कूसच सांगितली ना?"

आशा खाली बघून म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, डाव्या कुशीला पोरगी वाढती, उजव्या कुशीला पोरगा. मला पहिली पोरगीच हाय."

खुळी समजूत, समजावू म्हणून अख्तरी शेजारी बसली. पण पुढचं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आशाची सासू मनकर्णाबाई रोज सुनेच्या अंथरुणाशेजारी निजायची. झोपेत आशा डावीकडं वळली की गदागदा हलवून तिला उठवायची. पुन्हा डोळा लागला की पुन्हा तेच. आशाला महिनाभर सलग झोप म्हणून नव्हती.

"अन् नवरा काय करतो?"

"ते म्हणत्यात, आईचं ऐक."

यावर अख्तरी जे बोलली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाय. तिनं आशाला स्वतः डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी तक्क्या लावला अन् दारात खुर्ची टाकून बसली. आशा क्षणात झोपली. बाकीच्या बाया सतरंज्या गुंडाळून गेल्या, तरी ती हलली नाय.

मनकर्णाबाई न्यायला आली. सून डाव्या कुशीवर बघून ती तिच्या खांद्याकडं धावली. अख्तरीनं मधेच तिचं मनगट पकडलं.

"हात लावायचा नाय."

"तुमचं काय जातंय?" मनकर्णाबाई उसळली. "मी डाव्या कुशीवर निजले अन् मला तीन पोरी झाल्या. चौथ्या टायमाला सासूनं माझ्या पाठीला वरवंटा बांधला, कूस बदलू दिली नाय. तवा हिचा नवरा, बद्रीनाथ झाला. नायतर मला घराबाहेर काढलं असतं."

"म्हणून तोच वरवंटा हिच्या पाठीला बांधायलात? तुम्ही रडलात म्हणून हिनंबी रडायचं? लाज वाटू द्या जरा."

अख्तरीच्या आवाजानं आशाला जाग आली. ती उठून बसली नाय. निजल्या जागेवरूनच बोलली, अन् आजवर कुणी ऐकला नव्हता असा तिचा आवाज होता.

"आत्याबाई, तुमचा बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला की तुमी घरात कुकर लावू देत नाय. नातीला खोकू देत नाय. का, तर त्याची झोप मोडती. मग माझी झोप मोडताना तुमचा हात कसा अडत नाय? मी काय माणूस नाय का?"

मनकर्णाबाईनं मनगट सोडवून घेतलं, पण आशा थांबली नाय.

"पोरगी झाली तर होऊ द्या. आता मला उठवलं तर मी त्या घरात येणार नाय."

एवढं बोलून आशानं डोळे मिटले. कूस डावीच होती.

मनकर्णाबाई उभीच राहिली. अख्तरीचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिनं आपली खुर्ची तिच्यापुढं सरकवली.

"बसा. ती आपणहून उठंस्तोवर बसायचं. अन् बांगड्या वाजवायच्या नाय."