मुठीतलं कापड

माझा मामा आठवड्याचे सहा दिवस शिंपी असतो आणि रविवारी रेफरी. सहा दिवस लोक त्याला 'मास्तर' म्हणतात. रविवारी काय काय म्हणतात ते मामीसमोर सांगता येत नाही, तरी मामीला सगळं पाठ आहे.

मामा अंगानं काडी, चालणं भरभर, गळ्यात कायम टेप. एकदा टेप काढायचा विसरून तसाच मैदानात उतरला. फ्री-किकला भिंत मागे सरकवायला लागला तर प्रेक्षकांतून आवाज आला, "अंतर मोजताय तसं कंबरेचं मापही घेऊन टाका, मास्तर!" मामानं शांतपणे टेप काढून खिशात घातला आणि खेळ सुरू केला. अठरा वर्षं तो आमच्या हौशी लीगमध्ये शिट्टी वाजवतो आहे, आणि या अठरा वर्षांत त्याला मैदानावर चिडलेला कुणी पाहिलेला नाही. चिडतो तो घरी, काजं करताना.

दुकानात समोरासमोर दोन मशिनं. एक त्याचं, एक मामीचं. मधे कापायचं लांब टेबल, वर माळ्यावर माझी खोली. नोकरी लागल्यापासून मी मामाकडेच राहतो, म्हणजे फुकट राहतो आणि फुकटचे सल्ले देतो. लीगमधल्या जवळजवळ सगळ्या संघांच्या जर्सी इथेच शिवल्या जातात. त्यामुळे सोमवारी सकाळी दुकानाचा दवाखाना होतो. कुणाची बाही लोंबतेय, कुणाची कॉलर मानेवरून सुटलीय, कुणाची बगल काखेपासून खालपर्यंत उसवलीय. मामी एकेक उचलून बघते आणि विचारते, "काल फुटबॉल होता की कुस्ती?"

प्रश्न रास्त होता. कारण मामाचं दुखणं होतं ते कॉर्नर.

एरवी मामा चोख. ऑफसाइड अचूक, हॅण्डबॉल अचूक, नाटक करून पडणाऱ्याला तर तो "उठा, गवत ओलं आहे" म्हणून सोडून द्यायचा. पण कॉर्नर लागला की गोलसमोर आठ-दहा गडी असे एकमेकांना मिठ्या मारायचे, जणू वर्षानुवर्षांचे दुरावलेले भाऊ भेटले. कुणी बाही धरलेली, कुणी कंबर, कुणी गोलीच्या पायात पाय घालून उभा. आणि मामा? कधी नुसता खांद्याला हात लागला तरी पेनल्टी. कधी एखाद्याला पोत्यासारखा उचलून बाजूला ठेवला तरी "खेळा, खेळा!" कशावरून ठरवतो, ते आम्हाला कळायचं नाही. त्यालाही कळत नसावं.

मग तो सामना झाला. निळे विरुद्ध बेकरीवाले.

निळ्यांचा कप्तान पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतो, नखांत कायम कुठला तरी रंग, आणि बोलणं ब्रशसारखं, एकाच फटक्यात. विसाव्या मिनिटाला निळ्यांच्या एकानं कॉर्नरला बेकरीवाल्याची बाही धरली. मामानं पेनल्टी दिली, गोल झाला. शेवटच्या दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला कॉर्नर. पेंटर उडी मारायला गेला आणि जमिनीवरच राहिला, कारण मागच्यानं त्याची जर्सी मुठीत धरून ठेवली होती. मी गोलमागे उभा होतो, मला दिसलं. बेकरीच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही दिसलं असेल. मामानं गोल-किक दिली. निळे एका गोलनं हरले.

सोमवारी पहिला पेंटर आला. जर्सी टेबलावर पसरली, पाठ वर.

"मास्तर, ही शिवण बघा."

मामानं चष्मा खाली ओढला. डावीकडची बाजू काखेपासून घेरापर्यंत उघडी होती.

"धुताना उसवली का?" पेंटरनं विचारलं.

"छे. धुण्यात दोरा विरतो. हा तटकन तुटलाय."

"खिळ्यात अडकली असेल?"

"खिळ्यात अडकली तर कापड फाटतं. इथे कापड धड आहे, टाके गेलेत. आणि हे बघ, इथे कापडाला ताण पडून फुगा आलाय, चार बोटांचा. कुणीतरी मुठीत धरून ओढलंय."

"लिहून द्या."

मामी मशीन थांबवून म्हणाली, "अहो, जरा थांबा." पण शिवणीबद्दल विचारलं की मामाला पुढचं-मागचं काही दिसत नाही. त्यानं बिलाच्या कागदामागे स्वच्छ अक्षरात लिहिलं: ही शिवण हातानं ओढून उसवलेली आहे. खाली सही. पेंटरनं कागद घडी करून खिशात घातला, "उपकार झाले" म्हणाला आणि गेला.

"तुम्ही आत्ता स्वतःच्या विरुद्ध साक्ष दिलीत," मामी म्हणाली.

मामा विचारात पडला. "पण शिवण ओढलेलीच होती गं."

गुरुवारी संघटनेच्या खोलीत बोलावणं आलं. एक टेबल, तीन लोखंडी खुर्च्या, दार न लागणारं एक कपाट. सेक्रेटरी निवृत्त मोजणीदार, वाक्य बोलण्याआधी ते मनात दोनदा मोजून घेणारे. मी सोबत गेलो होतो, मामाला धीर द्यायला असं मी सांगतो. खरं तर मला चुकवायचं नव्हतं.

"मास्तर," सेक्रेटरी म्हणाले, "रेफरीच्या अहवालात लिहिलंय, ऐंशीव्या मिनिटानंतर गोलसमोर काहीही आक्षेपार्ह घडलं नाही. सही तुमची. आणि या कागदावर लिहिलंय की घडलं. सही तुमचीच. मी कुणावर विश्वास ठेवू?"

"शिंप्यावर," मामा म्हणाला. "रेफरी उभा होता चुकीच्या जागी."

सेक्रेटरींना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत ठेवलं. "गंमत राहू दे. तुमच्याविरुद्ध ही या हंगामातली चौथी तक्रार, आणि चारही कॉर्नरच्या. एका टोकाला गुन्हा, दुसऱ्या टोकाला माफी. पोरं म्हणतात, मास्तर कडक आहेत ते चालेल, मऊ आहेत तेही चालेल, पण आज काय आहेत ते सकाळी सांगा. पुढच्या महिन्यात हेच दोन संघ परत खेळतायत. सामना तुम्हीच घ्या. मी खुर्ची टाकून बसेन. पुन्हा असंच झालं तर शिट्टी इथे टेबलावर ठेवायची."

परत येताना मामा वाटभर खिशातली शिट्टी चाचपत होता. अठरा वर्षं रविवारी सकाळी बुटाला पॉलिश करणारा माणूस. रविवार नुसता सुटीचा झाला तर याचं काय करायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मामीला तर त्याहून नाही.

दोन दिवस दुकानात काजंच काजं. तिसऱ्या दिवशी शिकायला येणाऱ्या एका बाईची शिवण तिसऱ्यांदा वाकडी गेली. मामी तिला म्हणाली, "सुईकडे कशाला बघतेस? सुई काय, वर-खाली जाणारच आहे, तिला दुसरं काम नाही. कापडाची कड त्या रेघेला लागून आत जातेय ना, तिकडे बघ."

मामाच्या हातातली कात्री थांबली.

"आता काय झालं?" मामीनं विचारलं.

"मी सुईकडे बघतो."

"तुम्ही? तीस वर्षं मशीन चालवताय!"

"इथे नाही गं. तिथे. कॉर्नर मारला की मी बॉलकडे बघतो. बॉल हवेतून येतोय, येतोय, आणि खाली काय चाललंय ते मला बॉल पडल्यावर दिसतं. तेव्हा ज्याचा हात नेमका नजरेला पडला तो चोर. बाकीचे सुटले."

"मग अठरा वर्षं हेच केलंत?"

"हेच केलं."

"धन्य आहे," मामी म्हणाली, आणि पुन्हा मशीन सुरू केलं. पण तिला बरं वाटलं होतं, पायाच्या वेगावरून कळत होतं.

त्यानंतरचे तीन शनिवार आम्ही दुसऱ्यांचे सामने बघायला गेलो. मामा गोलच्या बाजूला बसायचा आणि कॉर्नर आला की बॉलकडे पाठ केल्यासारखा गर्दीकडे बघायचा. मी बॉल बघायचो आणि त्याला निकाल सांगायचो. पहिल्या शनिवारी त्याची मान सवयीनं दर वेळी वर जायची. मी कोपर मारायचो. दुसऱ्या शनिवारी माझं कोपर दुखत होतं आणि त्याची बरगडी. तिसऱ्या शनिवारी मात्र कॉर्नर संपल्यावर तो सांगायला लागला, "चारनं सातची बाही धरली, सोडली. नऊनं दहाला धरलं, सोडलं नाही. अकरा धरत नाही, पण बॉलकडे न बघता गोलीच्या वाटेत जाऊन उभा राहतो. हा भिंत बनून उभा राहणाराही चोरच. याची शिवण कधी उसवत नाही, म्हणून सोमवारी दुकानात कळत नाही."

"गोल झाला का विचार की," मी म्हणालो.

"झाला का?"

"झाला."

"असू दे."

सामन्याच्या दिवशी सेक्रेटरी खुर्ची घेऊन आले, छत्री घेऊन आले आणि खिशात तक्रारीचा एक कोरा फॉर्मही घेऊन आले. माणूस तयारीचा. मामानं दोन्ही कप्तानांना मधे बोलावलं.

"ऐका. हात लागला तर लागू दे, गर्दीत लागतोच. पण कॉर्नरला कापड मुठीत आलं की शिट्टी. बॉल न बघता कुणाच्या वाटेत उभं राहिलात तर शिट्टी. पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्याही."

"या टोकाला आणि त्याही?" पेंटरनं विचारलं.

"त्याही."

"बघू," पेंटर म्हणाला.

सहाव्या मिनिटाला पहिला कॉर्नर. बॉल मारायच्या आधीच मिठ्या सुरू झाल्या. मामानं थांबवलं, दोन जोड्यांना वेगळं केलं आणि बजावलं. बॉल आला, निळ्यांच्या चार नंबरनं बेकरीवाल्याची जर्सी धरली, आणि पेनल्टी. तक्रार करणाऱ्यांच्याच विरुद्ध! मैदानभर जो काही गलका झाला त्यात मामाच्या सात पिढ्या येऊन गेल्या. एक-शून्य. एकोणिसाव्या मिनिटाला बेकरीच्या उंच गड्यानं पेंटरला कंबरेला धरलं. पुन्हा पेनल्टी, या वेळी दुसरीकडे. पेंटरनं स्वतः मारली. एक-एक. आता दुसरी बाजू ओरडत होती, शिव्या मात्र त्याच.

तिसाव्या मिनिटानंतर बेकरीच्या भट्टीवरचा जाडा गडी बॉलकडे पाठ करून निळ्यांच्या गोलीसमोर कपाटासारखा उभा राहिला आणि मागून त्यांच्या एकानं डोक्यानं गोल केला. शिट्टी. गोल रद्द.

"अहो, मी फक्त उभा होतो!" जाडा म्हणाला.

"म्हणूनच," मामा म्हणाला.

मग दुसऱ्या अर्ध्यात बघण्यासारखी गोष्ट घडली. कॉर्नर लागला की बावीसातले सोळा जण हात छातीशी घेऊन उभे. एक-दोघांनी तर हात वरच केले, बंदूक रोखल्यासारखे. आणि हात मोकळे नाहीत म्हटल्यावर पाय हलायला लागले. पोरं उड्या मारायला लागली! मागच्या महिन्यात जमिनीला खिळलेला पेंटर असा उंच उडत होता की मला वाटलं, याला एवढं येत होतं आणि आपल्याला माहीतच नव्हतं. प्रेक्षकही शिव्या विसरून चक्क खेळ बघायला लागले.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला निळ्यांना कॉर्नर मिळाला. बॉल आला, पेंटर झेपावला, कपाळ लागलं आणि जाळी हलली. दोन-एक! निळ्यांचे लोक मैदानात धावले.

मामानं हात वर केला होता. गोल नाही.

पेंटर त्याच्यासमोर आला, लालभडक. "कुणी धरलं? दाखवा कुणाची मूठ होती! कुणाची शिवण गेलीय?"

"कुणाची नाही."

"मग?"

"तुझा आठ नंबर गोलीच्या वाटेत सरकला. बॉल बघितला नाही त्यानं, गोलीकडे बघत सरकला."

"पुरावा काय?"

"काही नाही. मी पाहिलं."

पेंटर वळला. आठ नंबर बुटाची नाडी बांधत होता. सुटलेली नव्हती, तरी बांधत होता. पेंटरनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मग जागेवर गेला. सामना एक-एक सुटला.

सेक्रेटरी छत्री मिटून आले, खिशातला फॉर्म काढला आणि पेंटरपुढे धरला. "लिहायचंय का?"

पेंटरनं फॉर्म घेतला. वाचला. मामा बाजूला पाणी पीत होता, पण घोट गिळत नव्हता.

"त्या जाड्याचा गोल पण असाच गेला," पेंटर शेवटी म्हणाला. "आमचाही गेला. काय लिहू? चिडलोय, असं लिहू? त्याला रकाना नाही यात." फॉर्म परत देऊन तो निघाला. चार पावलांवर थांबून म्हणाला, "आठ नंबर, इकडे ये तू."

सेक्रेटरींनी मामाकडे बघितलं. "माझ्याकडे तर काही नाही लिहायला."

"एक आहे," मामा म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

"बेचाळिसावं मिनिट. जवळच्या खांबापाशी निळ्यांच्या दोन नंबरनं बाही धरली होती. मी दुसरी जोडी बघत होतो, हात सोडताना दिसला. पेनल्टी होती. माझ्याकडून सुटली."

"मला दिसली नाही."

"तुम्ही बॉल बघत होता."

सेक्रेटरींनी ते वाक्य मनात दोनदा मोजलं. मग फॉर्म चार घड्या करून खिशात घातला आणि खुर्ची उचलली.

"पुढच्या रविवारी दोन सामने आहेत, मास्तर. सकाळचा नवशिक्यांचा आहे. कॉर्नरला जत्राच असते. घ्याल?"

"दोन्ही घेतो," मामा म्हणाला.