मामासासऱ्यांची आमटी साडी

मालिका बघून रडणारी माणसं घरोघरी सापडतात; पण मालिका बघून मागावर कुठला रंग चढवायचा हे ठरवणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा याला मी माझं भाग्यच समजतो. बेळगावात वडगावला त्यांचे चार यंत्रमाग आहेत. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये माग आणि मागांच्या वर, जिथं दुसऱ्याच्या घरी देव असतात तिथं, टीव्ही. माग सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग टीव्हीचं कुठलं येणार? त्यामुळे कित्येक वर्षं मामा रोज संध्याकाळी मराठी, कानडी आणि हिंदी मालिका बघत आले आहेत आणि एकीचीही गोष्ट त्यांना ठाऊक नाही. कोण कुणाची सून, कोण मेलेला परत आला, कशाशी देणंघेणं नाही. ते फक्त साड्या बघतात. "रडनाऱ्या बाईची साडी कोन घेत न्हाय बगा, जावईबापू," पहिल्याच दिवाळसणाला त्यांनी मला सांगितलं. "जी बाई दाराआड हुबारून कान लावती, तिची साडी इकती." माझं निपाणीला औषधांचं दुकान, साड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. मी नुसता हसलो. पण त्या वर्षी कान लावणाऱ्या बाईची हिरवी साडी त्यांनी विणली आणि लग्नसराई संपायच्या आत ती औषधालासुद्धा उरली नाही.

मामांच्या मते टीव्हीवरचा मुख्य कार्यक्रम म्हणजे जाहिराती. मधे मधे मालिका दाखवतात ती माणसाला उठून पाय मोकळे करता यावेत म्हणून. जाहिरात लागली की ते खटाखट चारही माग बंद करतात आणि ओरडतात, "गप बसा, कार्येक्रम लागला!" एकदा मामींचे भाऊ मुलीचं लग्न कसं ठरलं ते रंगात येऊन सांगत होते. ऐन देण्याघेण्याच्या बोलणीवर आले आणि लोणच्याची जाहिरात लागली. त्यांना तोंड उघडं ठेवून बसावं लागलं. जाहिरात संपल्यावर मामा म्हणाले, "डोळं मिटून उघडूस्तवर बरनी इकली की वो! आनि आमी गिऱ्हाइकाफुडं तास तास घड्या मोडत बसतोय." माझ्या लग्नातही त्यांनी अक्षता टाकण्याआधी शूटिंगवाल्याला बाजूला सारून कॅमेऱ्याच्या पडद्यावर नवरी बघून घेतली होती. परत येऊन खिन्नपणे म्हणाले, "पोरगी झ्याक दिसती, पर साडी कॅमेऱ्यात मार खाती." त्यांची सख्खी भाची पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मामांना वाटलं, नव्या संसारात रमली.

मग मोबाइल आला आणि मामांच्या अंगात वारं शिरलं. रोज सकाळी आंघोळीआधी साडीचा व्हिडिओ, दुपारी साडीचा व्हिडिओ, आणि रात्री आम्हाला सगळ्यांना फोन की तुम्ही व्हिडिओ का बघितला नाहीत. त्यातच कुणीतरी त्यांच्या कानात सोडलं की मोबाइल आपलं बोलणं ऐकतो आणि आपण ज्याचं नाव काढू त्याची जाहिरात दाखवतो. दुसरा कुणी घाबरला असता. मामांना मात्र घबाड सापडलं. एकदा निपाणीहून बेळगावला आम्ही एकाच बसनं निघालो होतो. पुढच्या बाकावर एक बाई मोबाइल मांडीवर ठेवून पेंगत होती. मामा हळूच वाकले आणि त्या मोबाइलला म्हणाले, "साडी. वडगावची साडी. काठापदराची साडी." बाई दचकून उठली आणि कानडीत विचारती झाली, "यारिगे हेळ्तीरी, अज्जा?" म्हणजे कुणाला सांगताय, आजोबा? मामा अदबीनं उत्तरले, "निमगल्लव्वा, फोनिगे." तुम्हाला नाही बाई, फोनला! मी खिडकीबाहेर बघत बसलो. हा माणूस आपला कुणी नव्हे असा चेहरा करण्याची सवय मला त्या दिवसापासून लागली.

पण हसण्यावारी नेण्यासारखे दिवस राहिले नव्हते. गल्लीतले माग एकामागून एक भंगारात चालले होते. मामांच्या भिंतीला भिंत लावून आप्पांची शेड. दोघांनी एकाच वर्षी माग घातले होते आणि गेली तीस वर्षं ते भिंतीवरून एकमेकांना हाका मारत धंदा करत आले होते. भंगारवाला दोघांच्याही शेडी बघून गेला होता. मामींनी निक्षून सांगितलं, "ह्या खेपंचा माल उठला तर माग ऱ्हातील. न्हाय उठला तर टेंपो बोलवायचा." मामांनी मान डोलावली आणि टीव्हीकडं बघितलं.

त्या सुमारास एका गाजलेल्या मालिकेत नायिकेचं लग्न व्हायचं होतं. तिच्या शालूची झलक दिवसातून दहादा दाखवायचे. सगळा बाजार त्या साडीवर टपून होता. मामांनी ठरवलं, लग्न लागायच्या आत आपली साडी दुकानात हवी. सूत रंगवून आणलं, चारही मागांवर एकच रंग चढवला, दिवसरात्र खटखट. आता एक सांगायला हवं: शेडमधल्या टीव्हीत वर्षानुवर्षं सुताची कुसं, म्हणजे उडणारे बारीक तंतू, जाऊन त्याचे रंग पार बिघडले होते. त्यातली सगळी पात्रं काविळीतून उठल्यासारखी दिसायची. मामी आपल्या मोबाइलवर मालिका बघायच्या. त्यांनी दोनदा बजावलं, "अवो, ती साडी जांभळी हाय. फिकट जांभळी." मामा म्हणाले, "तुझ्या मोबाइलात फिल्टर हाय. मोबाइल खोटं बोलतोय, टीव्ही बोलत न्हाय." कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, इथं टीव्हीला कावीळ झाली आणि पिवळं दिसलं मामांना.

लग्नाचा भाग लागला. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या दुकानादुकानांत फिकट जांभळ्या साड्या झुलू लागल्या. आणि मामांच्या शेडमध्ये छतापर्यंत थप्प्या लागल्या होत्या त्या कशाच्या म्हणावं? सोनेरी नव्हे, हळदी नव्हे, तपकिरीही नव्हे. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जशी दिसते, अगदी तो रंग! मी दुकान बंद करून धावत गेलो. मामा थप्प्यांसमोर वेताच्या मोढ्यावर बसले होते. त्याच आठवड्यात आप्पांनी हात टेकले होते आणि त्यांचे माग टेंपोत चढून गेले होते. भिंतीपलीकडून काही आवाज येत नव्हता. मामा म्हणाले, "जावईबापू, फोन धरा. लाइव्ह जातो."

मी फोन धरला. मामांनी भांग पाडला, साडी खांद्यावर टाकली आणि जाहिरातीतल्या आवाजात, तिन्ही भाषा एकत्र कालवून, सुरुवात केली: नवीन डिझाइन, मस्टर्ड गोल्ड, फक्त आपल्यासाठी! बघणारी माणसं बेताचीच. तेवढ्यात खाली एक ओळ उमटली. कुण्या बाईनं लिहिलं होतं, "मामा, आमटी सांडली काय?" पाठोपाठ हसणारी तोंडं, एकावर एक. मामांनी ते वाचलं आणि खांद्यावरची साडी काढून तिची घडी घालायला घेतली. मला फोन खाली घ्यावासा वाटला.

आणि मामी आल्या! चहाचं भांडं ठेवून, पदराला हात पुसत, थेट पडद्यात. "व्हय बाई, आमटीच हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्येंच्या टीव्हीला कावीळ झालीया. नटीची साडी जांभळी हुती, ह्येनी बगून बगून आमटी इनली. मी सांगितलं तर मलाच म्हनले, तुझ्या मोबाइलात फिल्टर हाय. पर बायानू, कापड बगा." त्यांनी साडी दोन्ही हातांनी ताणून धरली. "शंभरदा धुवा, काय हुनार न्हाय. आनि लगनात वाडताना अंगावर आमटी सांडली तर कुनाच्या बापाला डाग दिसायचा न्हाय!"

काय सांगू महाराज! पडद्यावर बदाम उसळायला लागले. बघणारे वाढत गेले, आकडा वाचून होईतो बदलायला लागला. तो तुकडा रात्रीत गावोगाव फिरला. सदलग्याच्या बचतगटाच्या बायकांना हळदीकुंकवाला सगळ्यांना एकसारखी आमटी साडी हवी होती. सांबऱ्याच्या एका घरी लग्न होतं, त्यांनी पंगतीत वाढणाऱ्या झाडून सगळ्या बायकांसाठी मागितली. निपाणीत तर लोक माझ्या दुकानात खोकल्याचं औषध मागून झालं की हळूच विचारायचे, "आमटी साडी हाय काय तुमच्याकडं?" दोन आठवडे मी औषधांबरोबर साड्याही विकल्या. थप्प्या छतावरून खांद्याला आल्या, खांद्यावरून गुडघ्याला, आणि एक दिवस फरशी दिसली. भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा मामींनीच उचलला आणि सांगितलं, "माग इकायचं न्हाईत. साडी पायजे आसंल तर बोला."

त्या दिवशी मी तिथंच होतो. चार मागांना झेपणार नाही एवढी मोठी मागणी आली. मामा ताडकन उठले, लहान मुलासारखे. भिंतीवरून हाक मारायचीही त्यांना सबुरी नव्हती. फोन हातात घेऊन ते अनवाणी धावत आप्पांच्या दारात गेले आणि ओरडले, "आप्पा! माग लावा, माग लावा! लई आर्डर आलीया, तुमी निम्मं घ्या!"

आप्पा आत जमिनीवर बसून सुपारी कातरत होते. शेड रिकामी होती. जमिनीत माग ठोकले होते तिथं नुसती भोकं राहिली होती, आणि एका कोपऱ्यात झाडून लावलेली कुसं. आप्पांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "कशावर लावू, रं?"

आनंदाच्या भरात मामा ते विसरूनच गेले होते. ते तसेच उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "आठ दिस आदी सांडाय पायजे हुती की वो आमटी." आप्पा हसले आणि त्यांनी अर्धी सुपारी पुढं केली. मला त्या दोघांकडं बघवेना.

आता आप्पा रोज सकाळी मामांच्या शेडमध्ये येतात आणि साड्यांच्या घड्या घालतात. कुणी विचारलं तर मामा सांगतात, "आमचे पार्टनर." शेडमध्ये नवा टीव्ही आहे, व्हिडिओत मामी बोलतात, आणि बरं चाललं आहे. फक्त कधी एखादी मोठी मागणी आली की मामा फोन घेऊन उठतात, भिंतीकडं तोंड करून हाक मारायला जातात आणि आप्पा मागंच बसलेत हे लक्षात येऊन पुन्हा खाली बसतात. आप्पा ते बघतात आणि घडी घालत राहतात.