बुडालेल्या मारुतीवरून

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझं पहिलं लेकरू आठ महिन्यांचं. दोन दिवस जुलाब लागून पार गळून गेलं होतं. डॉक्टर जिंतूरला, आणि मधे धरणाचं पाणी. फिरून रस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस मोडला असता. पाण्यातून गेलं की पलीकडं दोन डोंगरांच्या बेचक्यात पाणी आत शिरलेलं होतं. तिथं वारं पोचत नसे, नावा तिथंच लागत.

नाव कसली, चार फळ्या आन् गोणपाटाचं शीड! मी, आमचे हे आन् बाकीचे धरून आमी सातजण बसलो. मला पोहता येत नव्हतं, अजून येत न्हाई. मधोमध पोचलो आणि वारं सुटलं. पाणी काळंशार झालं. लेकरू रडायचंसुद्धा थांबलं होतं, त्याचीच जास्त भीती वाटायली.

त्या पाण्याखाली एक गाव होतं. त्याच्या मारुतीच्या देवळावरून नाव गेली की सगळे हात जोडत, मग वारं असो की वादळ. नावाडी त्याच गावचा. "मारुतीराया आला," म्हणत त्यानं वल्हं सोडून हात जोडले. बाकीचे एकाच अंगाला वाकले. नाव आडवी फिरली, कलली, आणि भसाभसा पाणी आत आलं. अगं आई गं! लेकराचे पाय भिजले.

आमी दोघं हात जोडणारे नव्हतो. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून घरात देव न्हाईत, आणि त्या देवळाची पायरी तर आमच्या बापजाद्यांना कधी चढूच दिली नव्हती. आमच्या ह्यांनी मला ओढत दुसऱ्या कडेवर अंग टाकलं, शिडाची दोरी सोडली. "येड्यांनो, इकडं सरका!" म्हणून ओरडले. नाव सावरली.

बेचक्यातल्या संथ पाण्यात शिरल्यावर एक म्हातारी म्हणाली, "मारुतीनं तारलं."

हे भडकले. "मारुतीनं न्हाई! आमी दोघांनी हात जोडले न्हाईत म्हणून वाचलात!"

जिंतूरला सलाईन लावल्यावर लेकरू तिसऱ्या दिवशी हसलं. हे मात्र पुढं तीस वर्षं छाती फुगवून तीच गोष्ट सांगायचे. "आमची बायको लय खंबीर," म्हणायचे.

मी चूल फुंकायला वळायची. नाव कलली तेव्हा लेकराला छातीशी आवळून मी त्याच मारुतीला म्हणत होते, नारळ फोडते, पण माझं लेकरू वाचीव. हे गेले, पण त्यांना सांगायची माझी हिंमत झाली न्हाई.